जेवायची हाक

आमच्या घरात लहानांनी मोठ्यांना हाक मारल्याशिवाय चमचा उचलायचा नाही. ताट वाढलेलं असो, पोटात कावळे ओरडत असोत, नाही म्हणजे नाही. वयाने सगळ्यांत मोठं असेल त्याला आधी, मग त्याच्या खालच्याला. आजोबा, जेवा. आजी, जेव. बाबा, जेवा. हाका सगळ्यांना मारायच्या, पण सर्वांत मोठ्याचं "जेव" आलं की पुरे, घास घ्यायचा. मलेशियातल्या तैपिंगमधल्या आम्हा चिनी लोकांत पोरं बोलायला लागली की आधी हेच शिकतात.

माझा बून किआत बोलायलाच फार उशिरा लागला. सासू तोंडावर म्हणायची, या पोराला काही शिकवता यायचं नाही. आणि त्याचं पहिलं धड वाक्य आलं ते तिच्याच समोर, जेवायच्या टेबलावर. "आजी, जेव." काय तोंड झालं होतं म्हातारीचं! उत्तर द्यायचंसुद्धा विसरली ती.

सासू गेली, नवरा गेला. हाका कमी होत होत एकच उरली. किआत चाळिशीला आला तरी रोज दोन्ही वेळा ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसायचा. "मा, जेव." मी म्हणायची, "जेव." मग खायचा.

गेल्या वर्षी मी बाजारात भाजी घेता घेता खाली बसले, ते उठताच येईना. डॉक्टरांनी हृदयाचं काहीबाही सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं, की आता फार दिवस धरून चालू नये. किआत सकाळी ज्या सेंटरमध्ये खोकी दुमडायला जातो, त्यांनी तेव्हाच मागच्या गल्लीत एक घर घेतलं होतं. त्याच्यासारखे तिघं तिथे राहायचे, चौथा पलंग रिकामा होता आणि त्यांचं सगळं बघायला लेच्चमी नावाची तमिळ बाई. तिला सगळे अक्का म्हणतात. आठवडाभर राहून बघायचं. रुळला तर पलंग त्याचा, नाही तर यादीत नंबर लावून थांबलेल्यांपैकी कुणाचा तरी. माझ्यामागे त्याचं कोण, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

त्याला सोडून आले आणि तिसऱ्या दिवशी लेच्चमीचा फोन.

"आंटी, तुमचा राजपुत्र जेवत नाही हो. नुसतं ते चॉकलेटचं मायलो पितो."

"मासा दिलास का? काटे काढून?"

"मासा दिला, अंडं दिलं, कोपऱ्यावरच्या नूडल्स आणल्या. ताटासमोर बसतो नि 'मा, जेव, मा, जेव' करतो. मी सांगते, आई घरी जेवेल, तू खा. ऐकेल तर शपथ! तुमची आठवण येते त्याला. सेंटरच्या बाई म्हणतात, उद्यापर्यंत बघू, नाहीतर घरी पाठवू. उपाशी कसं ठेवणार?"

आठवण कसली डोंबलाची. तो हाक मारत होता आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझ्या शब्दाशिवाय पोराच्या घशाखाली घास उतरत नाही! फोन हातात धरून वेड्यासारखी हसत बसले होते मी. मग समोर माझ्या गोळ्यांची पाकिटं दिसली आणि हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गेले. लेच्चमीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "हाक आली की तू 'जेव' म्हण. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

किआतने मला बघितलं, जवळ येऊन माझ्या बाहीचा वास घेतला आणि शहाण्यासारखा खुर्चीवर बसला. मीही त्याच्या शेजारी ताटावर बसले. बाकीचे तिघं केव्हाच जेवायला लागले होते. त्याने हात मांडीवर ठेवले.

"मा, जेव."

"जेव रे," लेच्चमी म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याची कोण? वाढणारी बाई.

"मा, जेव."

गाल बसले होते त्याचे. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द आला होता. मी म्हटलं असतं तर ताट पुसून खाल्लं असतं त्याने. आणि संध्याकाळी परत उपाशी. उद्या माझ्या घरी. आणि एक दिवस मी नसताना कुठेतरी ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसला असता, हाका मारत. मी ओठ घट्ट मिटले.

"मा! जेव!" आता तो ओरडत होता.

मग मी जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल. मी सत्तरी उलटलेली बाई, लेच्चमी माझ्या लेकीच्या वयाची. मोठ्याने लहानाला हाक मारायची नसते, कधीच नसते. मी हात मांडीवर घेतले, मान खाली घातली आणि तिला म्हटलं, "अक्का, जेव."

लेच्चमीच्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो आंटी, हे काय भलतंच! मी तुमच्यापुढे..."

"गप बस. उत्तर दे."

"जेव," ती कशीबशी म्हणाली.

मी चमचा उचलला आणि माशाची आमटी तोंडात घातली. इतकी तिखट, की डोळ्यांत पाणी आलं. बरंच झालं म्हणा.

किआत माझ्याकडे बघत होता, मग तिच्याकडे, परत माझ्याकडे. बराच वेळ गेला. तिघांपैकी एकजण ताट घेऊन उठलासुद्धा.

"अक्का, जेव."

"जेव, बाळा."

मग तो माझ्याकडे वळला. आता मी दुसऱ्या नंबरची. "मा, जेव," म्हणाला आणि मी तोंड उघडायच्या आत घास घेतला. त्याला माझ्या उत्तराची गरज नव्हती.

तीनदा भात घेतला मेल्याने.

आठवडा झाला, पलंग त्याचा झाला. मग लेच्चमीचा फोन आला. "आंटी, काय रोग लावलात हो माझ्या घराला! आता चौघंही हाक मारल्याशिवाय खात नाहीत. जेव, जेव करता करता माझाच भात गार होतो."

मी पोट धरून हसले. मग विचारलं, "आणि मला? मला मारतो का गं हाक?"

"आधी मारायचा," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, नाही मारली."

"चांगलं झालं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चांगलंच झालं होतं. त्यासाठीच तर केलं होतं सगळं.

संध्याकाळी अंडं वाफवलं, सवयीने दोघांपुरतं. भात वाढून घेतला, बसले. हात मांडीवरच राहिले. मला हाक मारणारं आता कुणी नव्हतं आणि हाकेशिवाय जेवायची मला सवय नव्हती. शेजारच्यांचा टीव्ही चालू होता. किआतची खुर्ची टेबलाला नीट लावून ठेवलेली होती, मीच लावली होती. त्याच्या त्या दिवशीच्या हाकेचं उत्तर माझ्याकडे तसंच राहून गेलं होतं.

"जेव," मी खुर्चीला म्हटलं आणि चमचा उचलला.