रेनाता कडेवर बसली

ऐक आधी, मधे बोलू नकोस. नेमा कानुल माहितेय ना, याश-तूनच्या पडक्या देवळांवर गाइड आहे ती, लाल टोपीवाली? तिला तिच्या मालकाने, रिगोबेर्तोने, दोनदा दम दिलेला. एकदा तिने पाहुण्यांना रानातल्या बुटक्या राखणदारांची गोष्ट सांगितली म्हणून, आणि एकदा पायऱ्यांपाशी धूप जाळला म्हणून. कुणीतरी तक्रार केली, आम्ही इतिहास बघायला आलो आणि ही बाई भुतं दाखवते. तेव्हापासून मालकाचं एकच. "दगड, साल, उंची. त्यापुढे गेलीस तर ओळखपत्र टेबलावर ठेवायचं आणि घरी बसायचं." आणि नेमाला तर या कामाशिवाय दुसरं काही नकोच. ती रोज सकाळी त्या दगडांची चौकशी करते गं, घरच्यांची करावी तशी.

तर परवा पार उत्तरेकडून, साल्तियोहून, एक जोडपं आलं. मारिसेला आणि ओक्तावियो, आणि त्यांची रेनाता, तीन महिने चार दिवसांची. व्हॅन तीनला परत हवी होती, पुढची मंडळी थांबलेली. सगळं मस्त चाललेलं. वर माकडं घुमायला लागली तर ओक्तावियोला वाटलं जॅग्वार.

"माकडं आहेत, साहेब," नेमा म्हणाली. "जॅग्वार असता तर आवाज आलाच नसता."

झालं, तो बायकोला चिकटूनच चालायला लागला.

मोठ्या देवळाखाली मारिसेलाच्या झोळीचं बक्कल तुटलं. "एक मिनिट धर हिला," ती म्हणाली, आणि नेमाने धरलं. कसं धरलं? आपण सगळ्याजणी धरतो तसंच. एक पाय पुढे, एक पाय मागे, थेट डाव्या कडेवर, मानेला हात. विचार केलाच नाही तिने.

तिथला पहारेकरी, आबुंदियोकाका, पालापाचोळा झाडत होता. झाडू थांबला.

"पोरी, हे लेकरू आधी कुणाच्या कडेवर बसलंय का?"

नेमाने मारिसेलाला विचारलं. ती म्हणाली, "नाही, आम्ही आडवीच घेतो. का गं?"

काका आपल्या भाषेत म्हणाला, "मग हेट्स-मेक लागलं, कडेवर बसवायचा विधी सुरू झाला. तू हिची धर्माची आई झालीस. आता अर्ध्यावर सोडू नकोस."

तुला काय सांगायचं, मुलीला तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा कडेवर घ्यायला आया चांगली बाई शोधत किती उंबरे झिजवतात. कारण पोर तिच्यावर जाणार. तिचं डोकं, तिचे हात, तिचं तोंड. आणि त्या बिचाऱ्या रेनाताच्या वाट्याला कोण आली, तर नेमा, जी गाइडच्या परीक्षेत दोनदा आपटली आणि झोपेतसुद्धा बडबडते.

"काका, मालकाला कळलं तर मी गेलेच," नेमा पुटपुटली.

"मग सांग लेकराला, विधी अर्धाच राहिला, तुझं डोकं अर्धंच उघडलंय, जा घरी."

"टोमणे नका मारू."

"मी कुठे मारतोय? मी झाडू मारतोय."

मारिसेलाने विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

पाऊस येईल म्हणताहेत, असं सांगून सुटता आलं असतं. पण रेनाताने तिची वेणी मुठीत धरलेली, सोडेचना. नेमाने सगळं सांगून टाकलं, मालकाचा दम सोडून. ओक्तावियो हसला. मारिसेला नाही हसली. ती म्हणाली, "म्हणजे तू माझी कोमाद्रे, माझ्या लेकीची धर्माची आई झालीस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस? चल, पूर्ण कर आता."

मग काय, देवळापुढच्या गोल सपाट दगडाभोवती नऊ फेऱ्या. काकाने दगडावर भोपळ्याच्या नऊ बिया मांडल्या, फेरीगणिक एक उचलायची. रेनाताच्या मुठीला पेन्सिल लावली, सुई लावली. ओक्तावियोने घरच्या गाडीची किल्ली पुढे केली. "हीपण लाव. हिची आई गाडी घेऊन दोनदा भिंतीवर गेलीय." काकाच्या डब्यातलं उकडलेलं अंडं ओठांना नुसतं टेकवलं आणि मग मोठ्यांनी वाटून खाल्लं. नेमा प्रत्येक फेरीला तिच्या कानात सांगत होती, चालायला शीक, वाचायला शीक, माणसं ओळखायला शीक. नवव्या फेरीला मारिसेलाचे डोळे भरून आले, ती म्हणाली घाम आहे.

फाटकापाशी पोचले तेव्हा पावणेचार. तिथे रेंज येते. फोन वाजलाच. मारिसेला झोळीला गाठ मारत होती, म्हणून रेनाता अजून नेमाच्याच कडेवर.

"पाऊण तास," रिगोबेर्तो ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काय, पंक्चर झालं का?"

बघ, त्याने स्वतःच सांगितलं काय म्हणायचं ते. ओक्तावियो हळूच म्हणाला, "हो म्हण. मी साक्षीला आहे." मारिसेलानेही मान हलवली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण रेनाता टक लावून नेमाच्या तोंडाकडे बघत होती, आणि नेमाच्या मनात आलं, आज, आत्ता, ही माझ्याकडून काय उचलेल?

"पंक्चर नाही, मालक," ती म्हणाली. "मी पाहुण्यांच्या मुलीचं हेट्स-मेक केलं."

मालक एवढंच म्हणाला, "उद्या ओळखपत्र घेऊन ये."

काल ठेवून आली टेबलावर. मारिसेला मालकाला तीनदा फोन करून भांडली म्हणे, तो मधेच फोन ठेवून देतो. आणि ही नेमा, रडायचं सोडून अख्ख्या गावाला रेनाताचा फोटो दाखवत फिरतेय. मला विचारलं, "माझं चुकलं का गं?" तू सांग, एवढंसं लेकरू तोंडाकडे बघत असताना तू पंक्चर म्हणाली असतीस?