पोटाखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. ॲल्युमिनियमचा, अंगावर उठावाची नक्षी असलेला. एका छोट्या गाडीच्या पोटाखाली मी राहतो. तुम्ही ती गाडी पाहिलीत तरी मी तुम्हाला दिसणार नाही. दिसेल ते बॉनेट. आणि खरे सांगायचे तर त्या बॉनेटचा मला मनापासून हेवा वाटतो. त्याला रोज सकाळी मऊ फडके मिळते. मला मिळतो चिखल.

मी मूळचा बसच्या दारातला. लोक माझ्यावर पाय देऊनच चढत-उतरत, पण पाय देण्याआधी खाली बघत तरी. बस भंगारात गेली, तेव्हा मास्तरांनी मला उचलून घरी आणले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या हाताला सवय ब्रशची, हातोडीची नव्हे. मग त्यांना पत्र्याचे खूळ कसे सुचले? त्यामागेही हेवाच होता.

मास्तरांची बायको गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यांकडे जाणारी वाट खडकाळ आणि त्यांची गाडी बुटकी. इंजिनाखाली तेलाचे भांडे असते. त्याला एखादा टोकदार दगड लागला की भांडे फुटते आणि गाडी जागच्या जागी बसते. म्हणून डेअरीचे साहेब बाईंना आपल्या उंच जीपमधून नेत. साहेब गप्पिष्ट होते. जेवायला बसले की बाई त्यांचे किस्से सांगून हसत, आणि मास्तरांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राही.

एक दिवस ते म्हणाले, "यापुढे तू आपल्याच गाडीनं जायचंस. मी तिला खालून चिलखत करतो."

"तुम्ही? अहो, साधा खिळा ठोकताना तुम्ही भिंतीचं प्लास्टर पाडता!"

"खिळा वेगळा, पत्रा वेगळा," असे म्हणून मास्तर फुरंगटून अंगणात गेले.

पण काम त्यांनी जीव ओतून केले. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली धरून त्यावर पेन्सिलने आकार काढला. त्याच आकारात मला कापले, कडा कानशीने घासल्या. दोन ओंडक्यांत दाबून माझी पुढची कड वर वळवली, म्हणजे दगड अडकायच्या ऐवजी घसरून जावा. तेल बदलण्यासाठी एक भोक ठेवले, वारा खेळावा म्हणून लांबट फटी पाडल्या. ही भोके पाडायला ड्रिल चालवले ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर. माझा चुरा पिठाच्या डब्यात उडाला आणि मास्तरांनी भरपूर बोलणी खाल्ली. शेवटी बोल्ट लावून त्यांनी मला गाडीच्या सांगाड्याला जोडले.

राहिली ती एकच गोष्ट. नट सैल होऊ नये म्हणून त्याच्याखाली स्प्रिंग वॉशर घालतात. तो आणायला बाजारात जावे लागले असते. मास्तरांना तेवढाही धीर नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून ती जीप दारात येऊ नये, याची त्यांना घाई झाली होती.

काही दिवस सगळे छान चालले. दगड येत, मी ते अंगावर घेई. संध्याकाळी बाई म्हणत, "आज गाडी मस्त चालली हो!" आणि मास्तर खुशीत थाप मारत. कुठे? बॉनेटवर! मार मी खायचा आणि शाबासकी त्याने घ्यायची. माझा नुसता जळफळाट होई.

मग एका सकाळी वरच्या गोठ्यातून तातडीचा निरोप आला. चढावर बाईंनी वेग वाढवला. माझा एक नट निसटला, मागोमाग दुसरा, आणि माझे पुढचे टोक जमिनीवर खरडू लागले. बाईंनी गाडी थांबवून घरी फोन लावला. मास्तरांचा आवाज मलाही ऐकू आला. "तिथेच थांब! मी सायकलवर आलोच. कुणाच्या गाडीत बसू नकोस."

तेवढ्यात मागून जीप आली.

"अहो, गाय अडलीय," बाई म्हणाल्या. "ती काय तुमच्या सायकलची वाट बघणार आहे?" त्यांनी फोन ठेवला, बॅग उचलली आणि जीपमधून निघून गेल्या.

मास्तर घामाने निथळत पोहोचले. रिकामी गाडी पाहून त्यांचा चेहरा पडला. खाली वाकून ते मला म्हणाले, "लाज काढलीस ना माझी!" मित्रांनो, ते शब्द मला फार लागले. दगडसुद्धा इतका लागत नाही.

दुपार कलल्यावर जीप परतली. बाईंच्या बाह्या ओल्या होत्या, चेहरा दमलेला पण हसरा. "वाचली दोघं. जरा उशीर झाला असता, तर गाय आणि वासरू दोन्ही गेली असती."

मास्तर गाडीखाली आडवे होते. एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने बोल्ट बसवायची त्यांची खटपट चालू होती. तेव्हा साहेब शर्टाची पर्वा न करता त्यांच्या शेजारी धुळीत आडवे झाले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी वर उचलून धरले.

"मी धरतो, मास्तर. तुम्ही बोल्ट घाला. आणि हे घ्या, माझ्या पेटीत नट आणि वॉशर होते."

मास्तर पाना फिरवू लागले. मग साहेब हळूच म्हणाले, "आज जाता-येता बाईंकडून तुमचंच कौतुक ऐकलं. पुठ्ठ्यावर आकार कसा काढलात, मग सगळं पीठ कसं चाळून दिलंत. खरं सांगू? जळलो मी. माझ्या घरी माझं नाव निघतं ते गॅस संपला की."

मास्तरांचा पाना थांबला. आणि मग ते असे हसले, की वर धरलेला मीही थरथरलो.

पुढे साहेबांनी आपल्या जीपसाठीही तसाच पत्रा मागितला. मास्तरांचा हात आता बसला होता. तो नवा पत्रा जाड, कडा सरळ, वर काळा रंग! तो अंगणात वाळत होता, तेव्हा मी खालून त्याच्याकडे बघत कुढत होतो. बाई म्हणाल्या, "आपल्यालाही असाच नवा करा की." म्हणजे मी पुन्हा भंगारात!

मास्तरांनी मला सोडवून उजेडात आणले. माझ्या अंगावर पोच्यांवर पोचे होते. त्यांनी बाईंना हाक मारली. तेलाच्या भोकाजवळ एक खोल खड्डा होता. बाईंनी त्यावर तळवा ठेवला. "हा आठवतो मला. केवढा आवाज झाला होता! पण गाडी चालत राहिली, म्हणून मी थांबलेच नाही."

"असं पुन्हा करू नकोस गं," मास्तर म्हणाले. त्यांनी बाईंचा हात धरला. त्या काळजीत जीपचा हेवा त्यांना आठवतही नव्हता.

त्यांनी मला धुतले, ठोकून सरळ केले आणि प्रत्येक नट नीट आवळून पुन्हा बसवले.

मित्रांनो, बॉनेटचा हेवा मला अजूनही वाटतो, आणि त्या काळ्या पत्र्याचा तर जास्तच. तुम्हालाही कुणाचा हेवा वाटला, तर वाटू द्या. कधीकधी त्यातूनही चांगले काम घडते. फक्त त्या घाईत नट सैल सोडू नका. आणि ज्याच्या भरवशावर तुमची माणसे घरी सुखरूप येतात, त्याला अधूनमधून वाकून बघत जा.