निरगाठ

सुमंतरावांना जगात सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर ती लोकांच्या चपलांची. नगरच्या एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं टेबलामागं बसून त्यांना एक खोड लागली होती. माणूस दारातून आत आला की आधी त्याचे पाय बघायचे. टाच झिजलेली दिसली की अर्ज न वाचताच त्यांचं मत तयार व्हायचं. निवृत्तीला तीन वर्षं झाली, टेबल गेलं, शिपाई गेला, पण खोड काही गेली नाही.

म्हणूनच त्या नोव्हेंबरातल्या सकाळी, नेवाशाच्या वर पंधरा किलोमीटरवर प्रवरेच्या काठी कानिफनाथ त्यांची वाट बघत उभा होता, तेव्हा त्याचा रामराम घ्यायच्या आधी त्यांनी त्याच्या पायांकडं पाहिलं. टायरच्या तळाच्या चपला होत्या. त्यांना टाचेमागून सुतळी घेतली होती आणि ती घोट्याभोवती गुंडाळून बांधली होती.

"हे काय घातलंयस तू?" सुमंतराव म्हणाले.

कानिफनाथ पन्नाशीचा शेतकरी. एका लेकीचं लग्न उरकलेला. गावात निम्मे लोक त्याला नाना म्हणायचे. नदीत मोटर सोडायची असो की गाळातून काढायची असो, त्याच्याशिवाय पान हलत नसे. ओळखीच्या ओळखीतून सुमंतरावांनी त्याला सोबत म्हणून बोलावलं होतं, आणि नेवाशात बहिणीकडं जायचंच होतं म्हणून तोही आला होता, हातात घेवड्याच्या शेंगांची पिशवी घेऊन. एवढ्या माणसाला पहिल्याच वाक्यात अरे-तुरे करायला छत्तीस वर्षांची तपश्चर्या लागते.

"चपला हायेत, सर."

"ते दिसतंय. पोर्टेजला चपला?"

"कशाला?"

सुमंतरावांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ते कॅनडात मुलाकडं, अनिमेषकडं गेले होते. तिथं कनू नावाची दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी असते. नदीत जिथं होडी चालत नाही तिथं ती पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि जमिनीवरून पुढच्या पाण्यापर्यंत चालत न्यायची, याला म्हणतात पोर्टेज. इथं प्रवरेवर दर चार-पाच किलोमीटरला बंधारा, म्हणजे नेवाशापर्यंत चार पोर्टेज. पुण्याच्या कुणाकडून तरी जुनी कनू घेऊन ती टेम्पोनं त्यांनी इथवर आणली होती.

"म्हंजी होडी आपल्याला न्हेनार न्हाई, आपुन होडीला न्ह्यायचं," कानिफनाथ म्हणाला.

असल्या शेऱ्यांना उत्तर द्यायचं नसतं, हे सुमंतरावांना ठाऊक होतं.

खरं कारण त्यांनी त्याला सांगितलं नाही. जूनमध्ये अनिमेष दहा दिवसांच्या सफरीला निघणार होता, तळ्यांमागून तळी, मध्ये नुसतं जंगल. बाबांना न्यायला तो तयार होता, पण मधुमेह सहा वर्षांचा, वय एकसष्ट, म्हणून त्यानं अट घातली होती. आधी तुमच्याकडच्या नदीवर एक दिवस करून दाखवा, आणि प्रत्येक पोर्टेजनंतर मला पायांचा फोटो पाठवा. "तळव्यांना सगळं जाणवतं ना, बाबा?" असंही त्यानं विचारलं होतं. ठणठणीत, असं सुमंतरावांनी सांगितलं होतं.

ठणठणीत कसले. दिवाळीत अंगणात त्यांचा पाय फुलबाजीच्या लाल तारेवर पडला होता, आणि कशाचा वास येतोय म्हणून त्यांनी चौफेर बघितलं होतं. वास त्यांच्याच कातडीचा होता. बायकोला, इंदूबाईंना, त्यांनी सांगितलं की मोजा जळला. इंदूबाईंनी छत्तीस वर्षांत त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता आणि तेव्हाही ठेवला नाही. आज निघताना त्यांनी सुमंतरावांच्या पिशवीत एक हातआरसा घातला होता, दर थांब्यावर तळवे बघायला. "मला काय नटायला जायचंय?" असं म्हणत सुमंतरावांनी तो मोटारीतच काढून ठेवला.

मग त्यांनी बूट चढवले. बूट बघण्यासारखेच होते. पाणी निथळून जावं म्हणून बाजूंना भोकं, वर जाळीचं कापड, तळ पातळ आणि लवचिक, म्हणजे पायाला दगडाचा अंदाज यावा. अंदाज घेणारा पाय आपल्याकडं उरलेला नाही, ही बाब खरेदीच्या वेळी सुमंतरावांनी लक्षात घेतली नव्हती. नाडी त्यांनी अनिमेषनं शिकवल्याप्रमाणं बांधली. बोटांपाशी सैल, मध्ये एक पीळ, घोट्यापाशी दोन्हीकडं कडी करून त्यातून नाडी ओढून घट्ट, म्हणजे उतारावर पाय पुढं सरकत नाही. शेवटी निरगाठ, तिच्यावर दुसरी निरगाठ, आणि टोकं आत खोचलेली. दोन्ही पायांना मिळून बारा मिनिटं लागली.

"पान्यात निरगाठ मारू नये, सर," कानिफनाथ म्हणाला. "भिजली की सुटत न्हाई. आमी जनावराला बी सुरगाठच मारतो. येळ आली की एका हिसक्यात सुटली पायजे."

"मी जनावर नाही," सुमंतराव म्हणाले.

पहिला बंधारा सुखरूप पार पडला. सुमंतराव पुढं, कानिफनाथ मागं, डोक्यावर होडी. पलीकडं पोचल्यावर सुमंतरावांनी दोन्ही बुटांचा फोटो काढून पाठवला. अनिमेषकडून शाबासकीचा अंगठा आला. तोवर कानिफनाथनं सुतळी ओढून चपला काढल्या होत्या, एकमेकींवर आपटल्या होत्या, तळव्यांवरून हात फिरवला होता आणि टायरात रुतलेले दोन काटे उपटून टाकले होते.

"पाय बगून घ्या, सर."

"पुन्हा बांधायला बारा मिनिटं लागतात. तुझं काय, सुतळीचा कारभार."

दुसऱ्या बंधाऱ्याला काळा चिखल होता. कानिफनाथच्या चपलांना शेर-शेर चिखल चिकटला आणि त्याची चाल पाहून सुमंतरावांना मनापासून समाधान वाटलं. या देशात माणसं हजारो वर्षं चालतायत आणि अजून पायात काय घालावं हे त्यांना कळलेलं नाही, असं ते मोठ्यानं म्हणाले. कानिफनाथ मागून "व्हय, सर" म्हणाला. दुसरा फोटो गेला. दुसरा अंगठा आला.

तिसऱ्या बंधाऱ्याची वाट उसाच्या कडेनं होती. गुरं आत घुसू नयेत म्हणून कुणीतरी वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. होडीखाली मान घातलेल्या माणसाला पुढचं दीड हात तेवढं दिसतं.

"थांबा, सर," कानिफनाथ मागून म्हणाला. "काटी टाकलीया. होडी टेकवू, म्या बाजूला करतो."

"तू तुझ्यापुरतं बघ. मी बूट घातलेत."

आणि ते गेले तुडवत. कॅनडात पाइन आहे, मेपल आहे, बर्च आहे. बाभूळ नाही. बूट करणाऱ्याला बिचाऱ्याला ते कोण सांगणार. डाव्या बुटाखाली काहीतरी अडकल्यासारखं त्यांना वाटलं, पण दोन पावलांत तेही वाटेनासं झालं. तिसरा फोटो गेला आणि तिसरा अंगठाही आला. अनिमेषनं पुढं लिहिलं, "शेवटचा राहिला. जून नक्की, बाबा."

सुमंतरावांनी ते तीनदा वाचलं. दहा दिवस, तो आणि मी, असं त्यांच्या मनात आलं. मुलगा गेल्या अकरा वर्षांत, कॅनडाच्या भेटीतसुद्धा, सलग दहा दिवस त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. पण माणूस हळवा झाला तरी त्याचा स्वभाव जात नाही.

होडीत कानिफनाथ पुढं बसला होता आणि सुमंतराव मागं, वल्ह्यानं दिशा धरून. तळाशी चार बोटं पाणी साचलेलं होतं. चौथा बंधारा समोर दिसायला लागला तेव्हा त्यांना दिसलं, की कानिफनाथच्या पायांशी हिंदकळणारं पाणी लाल झालंय.

आता मात्र त्यांना राहवेना.

"बघ," ते म्हणाले. "बघ खाली. सकाळपासून काय सांगतोय मी? सुतळी आणि टायर. काटा घुसला आणि तुला पत्ता नाही. कातडी इतकी निबर करून ठेवायची की रक्त आलं तरी कळू नये. याला काय शौर्य म्हणतात का? अडाणीपणा म्हणतात याला."

कानिफनाथनं खाली पाहिलं. "माजं न्हाई वाटत, सर."

"म्हणजे काय, नदीचं आहे?"

काठाला लागताच त्यांनी औषधांची पेटी काढली आणि त्याला दगडावर बसवलं. "पाय वर घे."

"नको, सर. तुमी मोठं मानूस. माज्या पायाला हात लावू नगा, पाप लागंल मला."

"मी असलं काही मानत नाही," असं म्हणून सुमंतरावांनी त्याचा पाय मांडीवर ओढला. आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे बघायला इथं कुणी नाही, याची त्यांना खंत वाटली. कापसानं त्यांनी टाच पुसली, बोटांच्या बेचक्या पुसल्या, भेगांमधली माती काढली. मग दुसरा पाय घेतला. पुन्हा पहिला तपासला. दोन्ही पाय ठणठणीत होते. ओरखडासुद्धा नव्हता.

कानिफनाथ त्यांच्या बुटाकडं बघत होता. डाव्या बुटाच्या भोकातून, जिथून पाणी निथळायचं तिथून, वाळूवर बारीक लाल धार लागली होती.

"सर," तो हळूच म्हणाला, "ते तुमचं हाय."

नाडी सोडायला सुमंतरावांनी हात घातला. निरगाठी भिजून खड्यासारख्या झाल्या होत्या. त्यांची नखं चालेनात. शेवटी कानिफनाथनं शेंगांच्या पिशवीतून विळा काढला आणि घोट्यापासून बोटांपर्यंत नाडी सरळ चिरत नेली. तरी बूट निघेना. त्यानं तळ वर केला, चिमटीत काहीतरी धरलं आणि ओढलं. दोन इंचांचा काटा होता. तो निघाल्यावर बूट मुकाट्यानं सुटला.

"दुखलं न्हाई?"

"नाही."

कानिफनाथनं जखमेशेजारी अंगठ्यानं दाबलं. "आता?"

सुमंतरावांनी नाही म्हणून मान हलवली.

"आमच्या आबांचं असंच हुतं," कानिफनाथ म्हणाला. "आदी बोट काढलं. मग पाऊल." पुढचं त्यानं सांगितलं नाही.

फोन वाजला. बंधारा अजून ओलांडायचाच होता, पण चौथ्या फोटोची वेळ झाली होती. सुमंतरावांनी डावा पाय होडीआड घेतला, उजवा पुढं केला आणि फोटो काढला. झकास फोटो आला. घोट्यापाशी कडी, नाडी घट्ट, निरगाठ जागच्या जागी. खाली लिहिलं, "चौथा बंधारा. सगळं ठीक." आणि पाठवून दिला. कानिफनाथनं ते पाहिलं आणि मान वळवून तो आपल्या टॉवेलाची पट्टी फाडायला लागला.

अंगठा आला नाही. एकच शब्द आला.

"डावा?"

सुमंतरावांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलेली सगळी उत्तरं आठवली. ऊन होतं. चिखल होता. नजरचुकीनं राहिला. असली उत्तरं लोक टेबलापलीकडून द्यायचे तेव्हा त्यांना हसू यायचं. आज स्वतःची तशीच दशा बघून त्यांना स्वतःची किळस आली. कानिफनाथ पट्टी घेऊन वाकला.

"थांबा जरा," सुमंतराव म्हणाले.

कानिफनाथनं वर पाहिलं. कोण आलं, म्हणून एकदा मागंही पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मला माझा तळवा दिसत नाही." त्यांनी फोन पुढं केला. "तुम्ही काढता का?"

कानिफनाथनं हात धोतराला पुसले, फोन घेतला आणि नीट, सावकाश फोटो काढला. सुमंतरावांनी तो न बघताच पाठवला आणि फोन वाळूवर पालथा ठेवला. मग कानिफनाथनं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी गुंडाळली.

"दवाखान्यात पट्टी सोडाया लागंल," तो म्हणाला. "सुरगाठच मारतो, सर."

"मारा," सुमंतराव म्हणाले.