शेठच्या जहाजावरचा जेवणारा

पवईच्या विद्याधर शेठने शिडाचं जहाज बांधून घेतलं, त्यात काय नव्हतं ते विचारा. संगमरवरी न्हाणीघर होतं, पियानो होता, आणि डोलकाठी एवढी उंच की घारी वळसा घालून जात. पण सुकाणू अलिबागकडे धरलं तरी जहाज येऊन उभं राही ते गोराईच्या खाडीत. कप्तानामागून कप्तान पळाले. शेवटचा जाताना म्हणाला, "शेठ, याला घरची ओढ लागलीय."

चौकशी करत, गुडघाभर चिखल तुडवत शेठ कमळ कोळिणीच्या दारी आला, तेव्हा ती बोंबील वाळत घालत होती.

"कमळबाई, आमच्या जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाला तुमच्या फुटक्या होडीचं सागवान लागलंय. भंगारवाल्याकडून आलं. तिथली एक खुर्ची रिकामीच असते, तरी तिच्यासमोरचा मासा संपतो. वर आवाज येतो, मीठ कमी."

कमळच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

तिच्या नवऱ्याची, भिकाजीची होडी कितीतरी वर्षांपूर्वी रिकामी सापडली होती. भिकाजी सापडला नव्हता. "पलीकडच्या देशात तुरुंगात असतील, येतील सुटून," असं कमळ साऱ्या गल्लीला सांगत आली होती. कुंकू तसंच, हिरवा चुडा तसाच. नणंद नंदा एकदा त्याचे दिवस घालायचं बोलली, तर कमळने वर्षभर तिच्याशी अबोला धरला.

"मग मी काय करू?"

"त्यांना जा म्हणून सांगा."

"तुमीच सांगा की. जहाज तुमचं."

"सांगितलं. ताट अंगावर आलं."

आतून ऐकत असलेल्या नंदाने पुढे येऊन कमळचा दंड धरला. "वहिनी, नको जाऊस. गेलीस तर खरं होईल गं."

कमळ जहाजावर गेली. बरोबर सुरमईचं कालवण नेलं, मुद्दाम अळणी. रिकाम्या खुर्चीपुढे ताट वाढलं आणि समोर बसली. देवा, काही न होवो, एवढंच मनात.

आधी माशाचं डोकं गेलं. मग काटे एकेक करून ताटाच्या डाव्या कडेला ओळीने लागले. तसे लावणारा माणूस साऱ्या गोराईत एकच होता. कोपर टेकावं तिथे टेबलावर खारं पाणी साचलं. आणि ओल्या घशातून आवाज आला, "मीठ कमी."

"ठाऊक हाय," कमळ म्हणाली.

नवऱ्याचं नाव तिने उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं. आता घेतलं.

"भिकाजी, मी तुला जिता म्हणत राहिले, म्हणून तू असा दारात अडकलास. जा आता. मी नाही वाट बघत."

खुर्ची मागे सरकली.

ती चिखलात उतरते न उतरते तोच, वाऱ्याचा पत्ता नसताना, सगळी शिडं फुगली. नांगराची साखळी कच्च्या सुतासारखी तुटली आणि जहाज सुसाट समुद्राकडे निघालं. शेठ कमरेइतक्या चिखलात उभा राहून त्याला हाका मारत होता, जणू ते कुत्रं आहे नि वळून येईल.

कमळने मागे पाहिलं नाही. दारात नंदा उभी होती.

"नंदे, गल्लीतल्या बायकांना बोलाव," कमळ म्हणाली. "आपलं रडायचं राहिलंय."