'बरोबर' म्हणायला दुसरं माणूस

ठाकूरद्वारच्या त्या चाळीत दाराला कुलूप लावायची पद्धत होती, पण चावी जवळ बाळगायची नव्हती. माणूस भाजीला निघालं तरी चावी शेजारी, गावाला निघालं तरी शेजारी. कुलूप चोरासाठी आणि चावी शेजाऱ्यासाठी, यात काही चमत्कारिक आहे असं तिथे कुणाला कधी वाटलं नाही. सुचित्रा कांदळगावकरच्या खोलीची दुसरी चावी समोरच्या कमलाकाकूंकडे, देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला, सुचित्राच्या जन्माआधीपासून टांगलेली असे. मधल्या काळात कुलपं बदलली. खिळा तोच राहिला.

ही सवय सुचित्रा नोकरीवर घेऊन गेली, तिथे घोटाळा झाला.

परळच्या एका शिक्षण मंडळाचा संगणक विभाग ती सांभाळायची. मंडळातल्या यच्चयावत माणसांची एक डिरेक्टरी सर्व्हरवर होती. माणशी एक नोंद: नाव, हुद्दा, विभाग, साहेब कोण. त्या नोंदीवर मेल यायची, कार्ड दाखवलं की दारं उघडायची. नोंदीत नसलेला माणूस समोर उभा असला तरी मंडळाच्या लेखी नसायचा. उलट एक ड्रॉइंगचे मास्तर, नोंद काढायची राहून गेल्यामुळे, देवाघरी गेल्यावरही वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळवत होते.

नोंदींसाठी मंडळाने रंगीबेरंगी सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याचं उद्घाटन थाटात झालं, त्यानंतर ते चाललं नाही. म्हणून सुचित्रा काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून काम करी. आधी साध्या फाइलीत लिहायचं: कुणाची नोंद, तिचं काय करायचं, कुठल्या रकान्यात नवीन काय घालायचं. मग एका कमांडने ती फाइल सर्व्हरच्या हवाली करायची. सर्व्हर फार आज्ञाधारक, म्हणजे फार धोकादायक. 'विभाग बदला' एवढंच लिहिलं आणि नवा विभाग लिहायचा राहिला, तर तो 'काय घालू?' म्हणून विचारत नाही. जुना पुसतो आणि गप्प बसतो.

म्हणून सुचित्राचा नियम होता. एंटर मारण्याआधी फाइल मोठ्याने वाचायची आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाने ओळीओळीला 'बरोबर' म्हणायचं.

हे दुसरं माणूस म्हणजे आकांक्षा, कमलाकाकूंची मुलगी. तिला मंडळात चिकटवली सुचित्रानेच, काळा पडदा शिकवला सुचित्रानेच.

"ताई, रोज रोज काय हे आरतीसारखं?" आकांक्षा कुरकुरायची.

"आरती चुकली तर देव सांभाळून घेतो गं. सर्व्हर नाही घेत."

आकांक्षाला नोंदींत नवीन भरायचा अधिकार होता, असलेलं पुसायचा किंवा बदलायचा नव्हता. तो एकट्या सुचित्राच्या पासवर्डला. इतकं सगळं असून सुचित्राचा हुद्दा 'प्रभारी' होता. खुर्ची तिची, काम तिचं, शिव्या तिच्या, फक्त पद तिचं नाही. गणपतीनंतर मात्र मंडळ विभागप्रमुख कायमचा नेमणार होतं, आणि चाळीत काकूंनी तेवढ्यासाठी नवस बोलून ठेवला होता.

काकूंचं गाव घाटावर, त्यांचा गणपती ठाकूरद्वारलाच. सुचित्राचा मालवणला. निघायच्या दिवशी तिने आपला पासवर्ड आकांक्षाच्या कानात सांगितला.

"अडलंनडलं तर असू दे."

पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, हा नियमही सुचित्रानेच लिहिला होता. पण आकांक्षा दुसरी कुठे होती? शेजारी होती.

गौरी-गणपती बोळवून सुचित्रा परतली. काकूंनी खोली झाडून ठेवली होती, पिंप भरलं होतं, दूधसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

"आकू कुठाय?"

"पडलीय आत. डोकं दुखतंय म्हणते," काकू म्हणाल्या. "तुझी आठवण काढली की उठून जाते बघ. मोदक पण खाल्ला नाही नीट."

दुसऱ्या दिवशी परळला दारावर सुचित्राने कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

"मॅडम, तुमचं बंद केलंय," वॉचमन दत्ताराम खाली बघत म्हणाला. "ह्या वहीत नाव टाका. 'कुणाला भेटायचंय' तिथं काय लिवायचं, ते तुम्हीच ठरवा."

तिने 'सचिव' असं लिहिलं आणि पाहुणी म्हणून आत गेली.

सचिव बाबुराव तिची वाटच बघत होते. हकिगत अशी निघाली, की सणाच्या दिवसांत कुणीतरी सगळ्या शिक्षकांचे विभाग पुसून टाकले होते. दारं विभागावर उघडत असल्यामुळे एकही दार उघडेना. शिक्षक बाहेर उभे राहिले, वर्ग बुडाले, पण ते मंडळाने सहन केलं असतं. नेमके त्याच वेळी बाबुराव स्टाफरूमलगतच्या स्वच्छतागृहासमोर कार्ड घेऊन उभे होते. सचिवांची नोंदही शिक्षकांतच होती. तिथे प्रकरणाला गांभीर्य आलं.

"डिरेक्टरी खोटं बोलत नाही, मॅडम. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव लिहून ठेवते. पुसलं कुणी? सुचित्रा कांदळगावकर. दुपारभर बसून पुन्हा भरलं कुणी? आकांक्षाने. विभागप्रमुख म्हणून तिचं नाव नक्की झालं. पेढेही वाटले."

"सर, मी मालवणला होते. आरतीत होते."

"मग तुमचं नाव इथे काय करत होतं?"

आता खरं सांगायचं, तर पासवर्ड दिल्याचं कबूल करावं लागत होतं. गप्प बसायचं, तर मालवणहून तिने मंडळ पुसल्याचं कबूल केल्यासारखं होतं. सुचित्राने खरं सांगायचं ठरवलं. आकांक्षा 'हो' म्हणेल, याची तिला खात्री होती.

"पासवर्ड मी आकांक्षाला देऊन गेले होते, सर. तिच्याकडून चूक झाली असेल. एकटी होती, 'बरोबर' म्हणायला कुणी नव्हतं. विचारा तिला."

बाबुरावांनी आकांक्षाला बोलावलं. ती आली. नवीन ड्रेस होता, डोळे सुजलेले होते.

"यांचा पासवर्ड तुमच्याकडे होता?"

आकांक्षाने सुचित्राकडे पाहिलं नाही. बाबुरावांच्या टेबलावरच्या पेढ्यांच्या खोक्याकडे पाहिलं.

"नाही, सर."

सुचित्राला आधी वाटलं, तिने प्रश्न नीट ऐकला नसेल. घाबरलं की 'नाही' सहज निघतं तोंडातून. मग आकांक्षा पुन्हा, आता जरा स्पष्ट, म्हणाली, "ताई मला असं कधी काही देत नाहीत."

बाबुराव दयाळू होते. नोकरीवरून काढलं नाही. सुचित्राने यापुढे सहायक म्हणून आकांक्षाच्या हाताखाली काम करावं, असं ठरलं.

"आणि तेवढी तुमची नोंद बदलून घ्या," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाला बदलता येत नाही म्हणे."

बाहेर पॅसेजमध्ये आकांक्षाने तिचा हात धरला.

"ताई, मी सांगणार होते गं. शपथ. एक फाइल चालवली, नवीन विभाग लिहायचाच राहिला. घाबरले. तुझ्याच टेबलावर बसून रडले. मग भरलं सगळं परत."

"मग सांगायचं होतंस."

"सरांनी पेढेच मागवले ना लगेच!"

"आणि माझं कार्ड कुणी बंद केलं?"

"ऑर्डर होती, ताई." आकांक्षा पुढे म्हणाली, "ते मी माझ्याच पासवर्डने केलं."

सुचित्राने हात सोडवून घेतला. "हो. त्यात नोंदीत 'बंद' एवढं भरायचंच असतं, पुसायचं काही नसतं."

दोघी विभागात गेल्या. सुचित्रा आपल्या खुर्चीवर बसली, मग उठली, बाजूच्या स्टुलावर बसली आणि कीबोर्ड ओढून घेतला. काळा पडदा उघडला. सर्व्हरने तिला लगेच ओळखलं. दारासारखा तो कानाचा हलका नव्हता. फाइल लिहून झाल्यावर ती नेहमीच्या आवाजात वाचू लागली.

"नोंद: सुचित्रा कांदळगावकर."

आकांक्षा रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"आकू, नियम आहे."

"बरोबर."

"काय करायचं: बदल."

"बरोबर."

"हुद्दा बदला. नवीन हुद्दा: सहायक."

"...बरोबर."

"साहेब बदला. नवीन साहेब: आकांक्षा."

पलीकडे एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. सुचित्राने एंटरवर बोट ठेवलं आणि थांबली. घाई नव्हती. 'बरोबर' नाही, तर एंटर नाही.

"ताई, राहू दे ना. नंतर करू."

"बरोबर आहे की नाही, एवढंच सांग."

आकांक्षाच्या तोंडून शब्द आला, पण तो ऐकायला सुचित्राला वाकावं लागलं. तिने एंटर मारलं. नोंद बदलल्याची एक ओळ सर्व्हरने दाखवली आणि तो पुढच्या हुकमाची वाट बघत बसला.

मग तिने आपला पासवर्ड बदलला. या वेळी मोठ्याने काही वाचलं नाही.

"संध्याकाळी काकूंना एक निरोप दे," ती उठता उठता म्हणाली. "माझी चावी त्यांच्याकडेच राहू दे. खिळ्यावर. फक्त तुझ्या हातात देऊ नका म्हणावं."

"ताई, आई विचारेल ना, का म्हणून."

"विचारू दे. तू सांग. मी समोरच असेन, दार उघडं ठेवून." सुचित्राने पर्स खांद्याला लावली. "बरोबर म्हणायला कुणीतरी लागेल ना तुला."