रांग मोडली तो दिवस

मित्रांनो, पंपघरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जो उभा आहे, तो मी. पाणी गाळणारा संच. अंगाला लष्करी हिरवा रंग, म्हणून गावानं माझं नाव ठेवलं 'हिरव्या'. तुमच्यापैकी काहीजण माझ्या चाकांवर चढून उड्या मारतात, तरी आपली नीट ओळख नाही. म्हटलं, आज आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म इथला नाही. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला जोडलं आणि सैन्याच्या कोठारात नेऊन ठेवलं. तिथे सहा वर्षं मी नुसता धूळ खात बसलो. मग या गावावर पूर आला. नदी पंपघरात शिरली, मोटारी चिखलात गाडल्या गेल्या आणि लोक डबक्यातलं पाणी पिऊन आजारी पडू लागले. तेव्हा त्या परक्या देशाच्या सैनिकांनी मला जहाजात घातलं आणि इथे शाळेच्या मैदानावर आणून उभं केलं.

माझा सगळा कारभार एका सैनिकाकडे होता. उन्हानं त्याचं नाक सोलून निघालं होतं, म्हणून तो 'लाल्या'. मी हिरव्या, तो लाल्या, जोडी छान जमली. मी एका नळीनं नदीचं गढूळ पाणी ओढायचो आणि दुसरीकडून स्वच्छ करून द्यायचो. पहिल्याच दिवशी एका बाईनं बाटली उजेडात धरून पाहिली, लेकराला पाजली आणि मटकन खाली बसून रडायला लागली. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

माझं कौतुक तर काय विचारता! सकाळपासून माझ्यापुढे रांग लागायची. जाता-येता लोक माझ्या पत्र्यावर प्रेमानं थाप मारायचे, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माझ्याभोवती एक दोरी बांधलेली होती. दोरीच्या आत फक्त सैनिक, आणि बाहेरून गावकऱ्यांनी बादल्या पुढे करायच्या.

गावचा पंपमास्तर मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. बावीस वर्षं त्यानं या गावाला पाणी पाजलं होतं. आता तो लाल्याला हाताशी धरून चिखलातल्या मोटारी खोलत होता, घासत होता, परत जोडत होता. दोघांची भाषा वेगळी, पण पाना हातात असला की त्यांचं बरोबर जमायचं. तीन महिन्यांनी पंप सुरू झाला. मैदानासमोरची मोठी टाकी मास्तरनं स्वतः धुऊन भरली. पाणी तपासून आलं, चांगलं निघालं. सैनिकांनी जाहीर केलं, "आमचं काम झालं. दहा दिवसांनी आम्ही निघतो." माझ्या गाळण्या त्यांच्या जहाजातून येत असत. जहाज गेलं की माझा रोजचा दम संपणार होता.

आणि इथेच घोडं अडलं. टाकीचं पाणी कोणी पिईना! पंपमास्तर कोपऱ्यावरच्या नळापाशी पेला घेऊन उभा राहायचा आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायचा. लोक म्हणायचे, "त्याचं काय, त्याला गंजसुद्धा पचतो." टाकी भरून वाहायची आणि माझी रांग जिथल्या तिथे. एके सकाळी मास्तरची सख्खी आई माझ्या रांगेत चौथी उभी होती.

"आई, तू पण?"

"तुझ्यावर विश्वास आहे रे माझा, तुझ्या टाकीवर नाही. पुरात तिच्यात काय काय शिरलं, देव जाणे."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला तेव्हा आनंद झाला होता. एका टाकीवर मी जळत होतो.

दिवस भराभर सरत होते. दोनच उरले, तेव्हा लाल्यानं एक युक्ती काढली. शाळेच्या बाई त्याचं बोलणं समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, हा म्हणतोय, गुपचूप टाकीचं पाणी हिरव्याच्या नळातून सोडू या. लोक खुशाल पितील. नंतर सांगता येईल."

मास्तरनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "नको. फसवून पाजलं आणि उद्या ते कळलं, तर माझ्या हातचं पाणी कोणी जन्मात पिणार नाही. तेव्हा तुम्ही नसाल, मी असेन."

आणि तो उठला तो थेट टाकीकडे गेला. खालची झडप उघडून त्यानं भरलेली टाकी गटारात सोडून दिली. लाल्यानं कपाळावर हात मारला! टाकी रिकामी होताच मास्तर शिडी खांद्यावर घेऊन माझ्या रांगेपुढे येऊन उभा राहिला.

"चला. टाकी रिकामी आहे, आत उतरून बघा. माझं धुणं पटत नसेल तर तुम्ही धुवा."

कोणी हलेना. मग त्याच्या आईनं हातातला डबा खाली ठेवला. सत्तरीची ती बाई शिडी चढली, आत उतरली, आणि थोड्याच वेळात टाकीतून तिचा आवाज घुमला, "अरे मेल्या, हा कोपरा काय डोळे मिटून धुतलास?"

सगळी रांग खो खो हसली. एकजण ब्रश घेऊन आला, दुसरी झाडू घेऊन आली. दुपारपर्यंत तीस माणसं आळीपाळीनं आत-बाहेर करत होती. आत गावकरी घासत होते आणि बाहेर सैनिक रांग लावून बादल्या पुढे देत होते.

रातोरात टाकी भरली. दुसऱ्या दिवशी लाल्यानं सवयीनं मला सुरू केलं. दहा वाजले तरी कोणी आलं नाही. मास्तरची आई माझ्यासमोरून गेली ती सरळ कोपऱ्यावरच्या नळाला. "कोपरे माझ्या हातचे आहेत," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मास्तर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. लाल्यानं हळूच किल्ली फिरवून मला बंद केलं आणि दोरी सोडून गुंडाळून ठेवली.

जाताना सैनिकांनी मला अडीअडचणीसाठी गावाला देऊन टाकलं, सोबत पेटीभर गाळण्याही दिल्या. लाल्या ट्रकमधून उतरला, त्यानं माझ्या पत्र्यावर थाप मारली. मला वाटलं, आता बाटली भरून घेईल. तो कोपऱ्यावर गेला, मास्तरच्या नळाखाली बाटली धरली, तिथेच अर्धी प्यायला आणि मास्तरला कडकडून मिठी मारली. मला फार वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, ते कळायला मात्र वर्षं गेली.

पुढे मास्तरनं मला या शेडमध्ये आणून ठेवलं, आणि दर महिन्याला येऊन तो मला पंधरा मिनिटं चालवायचा. त्याचे गुडघे गेले आणि ते थांबलं. आता माझी नळी तडकली आहे, गाळण्यांच्या पेटीत उंदरांनी संसार थाटला आहे. मित्रांनो, मला अधूनमधून चालवत जा, म्हणजे वाईट दिवस आलाच तर मी दगा देणार नाही.

पण माझ्याआधी दुसरं काम आहे. इथून मला टाकी दिसते. चार वर्षांत तिचं झाकण कोणी उघडलेलं नाही. आधी तिच्यात उतरा, मग माझ्याकडे या.