पाण्यातली पट्टी

चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ निशातनं डीएनए-चाचणीच्या जेलची पारदर्शक वडी दिव्यावर धरली. अंकुशच्या कातडीच्या नमुन्यात परजीवीच्या डीएनएची पट्टी ठळक उमटली होती. पण शेजारी, नुसतं पाणी घातलेल्या, कोरा राहायला हवा अशा रकान्यातही तीच पट्टी फिकी दिसत होती.

अंकुश जवळच्या माजरीचा. चार वर्षं झारखंडात, गोड्ड्याच्या कोळसा खाणीवर ड्रिल मशीन चालवून परतलेला. तिकडे महिनाभर तापानं पडला होता. इकडे आल्यावर तोंडा-हातांवर पांढुरके चट्टे उठले. कुष्ठरोग समजून अकरा महिने गोळ्या झाल्या, चट्टे तसेच. कुष्ठाचे चट्टे बधिर असतात; ह्यांवर टोचलेली टाचणी मात्र त्याला कळायची. म्हणूनच डॉक्टर माधवीला काळ्या आजाराची शंका आली; वाळूमाशी चावून तिकडे होणारा तो ताप उतरला, तरी पुढे कातडीत उमटू शकतो.

"सांगून टाकू," माधवी म्हणाली. "सकाळपासून बाहेर बसलाय बिचारा."

"पाणीच कोरं नाही, मॅडम. माझ्या हातून काही मिसळलं असेल, तर त्याच्या पट्टीचा काय भरवसा?"

नमुना तर संपलेला. कातडीचा नवा तुकडा मागायला निशातच बाहेर गेली.

"पुन्हा कापता?" अंकुश ताडकन उठला. "महारोग हाय का नाई, तेवढं सांगा ना! घरी माय मले जवळ बसू देत नाई."

"चूक माझी आहे, भाऊ. आज काही बोलले तर ती थाप होईल."

तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी बाही वर सारून आत आला.

निशातनं जुनी रसायनं फेकली, ओटा ब्लिचिंगनं पुसला, नवी पाकिटं फोडली. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याचा रकाना कोरा निघाला. अंकुशची पट्टी जागच्या जागी होती. पुढच्या चाचणीत ती काळ्या आजाराच्या परजीवीशी तंतोतंत जुळली.

"महारोग नाही," निशातनं त्याला सांगितलं. "तिकडचा आजार कातडीत दडून राहिलाय. बारा आठवडे औषध, आणि मच्छरदाणीतच झोपायचं, म्हणजे माशी चावून दुसऱ्याला होणार नाही."

अंकुशनं फोन लावून तिच्या हाती दिला. "मायले तुमीच सांगा. माह्यं ते ऐकत नाई."

गिरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग चट्टे काऊन दिसून राह्यले?"

"जातील, बाई. वेळ लागेल."

"गेले का पाहू." फोन बंद झाला.

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला. चट्ट्यांत रंग भरू लागला होता. गिरजाबाई सोबत होत्या, पण बाकावर दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.